तारेवरची कसरत : वरच्या खोलीतला रिमोट

(घरातल्या वायरी, टीव्ही, पंखे, मिक्सर यांबद्दल वाचकांचे प्रश्न आणि आमच्या मिस्त्रीकाकांची उत्तरं. काकांनी इंदूरला महाराणी रोडच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. आता दुकान पुतण्या बघतो, पत्रं काका बघतात.)

प्रश्न : काका, आमचं घर लोकमान्य नगरात आहे. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. १९९८ साली घर बांधताना बाबांनी हौसेने प्रत्येक खोलीत भिंतीच्या आतून केबलची वायर काढून घेतली होती. सेट टॉप बॉक्स खाली हॉलमध्ये आहे. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते वरच असतात. केबलवाल्याच्या पोराने मॉड्युलेटरची एक छोटी डबी लावून दिली, त्यामुळे खालच्या बॉक्सचं चित्र वरच्या जुन्या टीव्हीवर दिसतं. पण चॅनेल बदलायचं म्हटलं की बाबा फरशीवर काठी आपटतात, आई जिना चढून विचारायला जाते, पुन्हा खाली येऊन बदलते. दिवसातून दहा-पंधरा वेळा. आता तिचेच गुडघे धरलेत. नवीन वायर टाकायची तर भिंत खोदावी लागेल म्हणतात. ज्या वायरीतून चित्र वर जातं, तिच्यातूनच रिमोटचा सिग्नल खाली येऊ शकेल का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : येतो, ताई. भिंतीला हात लावू देऊ नका कुणाला.

ही युक्ती काही माझ्या डोक्यातली नाही. ब्रिटनमध्ये १९९८ साली, म्हणजे तुमचं घर बांधलं त्याच वर्षी, स्काय कंपनीची डिजिटल सेवा सुरू झाली. त्यांच्या बॉक्सला मागे दुसरं आरएफ सॉकेट, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाची वायर लावतात तसलं भोक, असायचं. त्यातून चित्र दुसऱ्या खोलीत जायचं, त्याच वायरीवर ९ व्होल्टही जायचे, आणि तिकडच्या टीव्हीजवळ चिकटवलेला एक छोटासा डोळा त्या ९ व्होल्टवर चालून रिमोटची बटणं उलट बॉक्सकडे पाठवायचा. आपल्या बॉक्सला ती सोय नाही, म्हणून आपण बाहेरून जोडायची.

आधी रिमोट काय करतो ते बघून घ्या. मोबाईलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं नाक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, कारण तो ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड आहे, लालच्याही पलीकडचा. बहुतेक रिमोटमध्ये हा उजेड सेकंदाला ३८ हजार वेळा उघडझाप करतो, काहींमध्ये ३६ हजार. आणि ही उघडझापही सलग नसते, तुकड्यातुकड्यांत असते. एनईसी नावाची जी पद्धत खूप ठिकाणी वापरतात तिच्यात सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा एक लांब तुकडा येतो, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि मग ३२ खुणांसाठी छोटे छोटे तुकडे. दोन तुकड्यांमधली जागा आखूड की लांब यावरून बॉक्सला कळतं, की बाबांना बातम्या हव्यात की भजनं.

उजेड काही तांब्यातून जात नाही. म्हणून वर एक डोळा बसवायचा जो उजेडाची वीज करेल, आणि खाली बॉक्सच्या नाकासमोर रिमोटमध्ये असते तशीच एक एलईडी चिकटवायची जी विजेचा पुन्हा उजेड करेल. मधली वायर तुमची आहेच.

आता तुम्ही म्हणाल, एकाच वायरीतून दोन गोष्टी उलटसुलट गेल्या तर कालवाकालव नाही का होणार? नाही होत, कारण दोघांच्या चालीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिमोटचा सिग्नल सेकंदाला ३८ हजार हेलकावे घेतो. तुमच्या डबीतून निघणारं चित्र, ती यूएचएफवर, म्हणजे टीव्हीच्या वरच्या पट्ट्यावर, लावलेली असेल तर, सेकंदाला पन्नास-साठ कोटी. दोघांना वेगळं करायला एक कंडेन्सर आणि एक चोक, म्हणजे तारेचं वेटोळं, पुरतो. १०० पिकोफॅरॅडचा कंडेन्सर घ्या. चित्राला तो जेमतेम ३ ओहमचा अडथळा, म्हणजे उघडं दार. रिमोटच्या सिग्नलला तोच कंडेन्सर जवळजवळ ४२ हजार ओहमचा, म्हणजे भिंत. चोकचं बरोबर उलटं : रिमोटला वाट, चित्राला भिंत. म्हणून दोन्ही टोकांना एकच तजवीज करायची. मॉड्युलेटर आणि वायर यांच्यामध्ये एक कंडेन्सर, वायर आणि वरचा टीव्ही यांच्यामध्ये एक कंडेन्सर. आणि वर डोळ्याची डबी, खाली एलईडी, या दोन्ही वायरीला चोकमधून जोडायच्या.

चोकमध्ये मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा थांबून सांगतो. माझी आई शेवटची तीन वर्षं आमच्या वरच्या खोलीत होती. तिच्याकडे काठी नव्हती, देवघरातली घंटा होती. घंटा वाजली की मी दुकानाच्या कपड्यांत वर. एका रविवारी हीच खटपट करायला बसलो. चोक जेवढा मोठा तेवढा चांगला असं समजून एका जुन्या टीव्हीतला चांगला गलेलठ्ठ चोक काढून लावला. रिमोट चालायला लागला, पण आईच्या टीव्हीवर मुंग्याच मुंग्या. कारण मोठ्या चोकमध्ये वेढ्यावर वेढे इतके दाटीने असतात, की पन्नास कोटींचा सिग्नल तारेतून न फिरता वेढ्यावरून वेढ्यावर उडी मारून निसटतो. नाव चोक, वागणूक कंडेन्सरची. शेवटी फेराइटच्या एका मण्यावर इनॅमलच्या तारेचे पाच-सहा वेढे दिले, आणि चित्र काचेसारखं झालं. एवढासा एक मायक्रोहेन्रीचा चोक रिमोटला पाव ओहमचा आणि चित्राला तीन हजार ओहमचा. तेवढंच हवं असतं.

डोळ्याच्या डबीत काय असतं? टीएसओपी १७३८ नावाचा तीन पायांचा काळा डोळा, एक ५५५ आयसी, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि चार-सहा सटरफटर. चार माणसांच्या पोहे-जिलेबीच्या हिशेबात सगळं येतं. तुम्ही स्वतः झाळकाम करणार नसाल तर ओळखीतल्या एखाद्या पॉलिटेक्निकच्या मुलाला हा मजकूर दाखवा, त्याला कळेल. त्याच्यासाठी दोन-चार गोष्टी :

हा डोळा ३८ हजारांची उघडझाप स्वतःच गाळून टाकतो आणि फक्त तुकडे पुढे देतो. ती उघडझाप ५५५ कडून पुन्हा घालून घ्यावी लागते. १ नॅनोफॅरॅडचा कंडेन्सर, १ किलोओहम आणि १८ किलोओहम, एवढ्यावर गणिताने ३९ हजारांच्या जवळ येतं. १८ च्या जागी २० चा प्रीसेट लावून जुळवलं तर उत्तम. दुसरं, डोळा उलट बोलतो. उजेड आला की त्याचा पाय खाली जातो. म्हणून मध्ये बीसी ५४७ ने उलट करून मग ५५५ च्या ४ नंबरच्या पायाला द्यायचं. ३ नंबरच्या पायातून १०० ओहम आणि तो फेराइटचा मणी, की निघाली गाडी केबलमध्ये. केबलची आतली तार पुढे, बाहेरची जाळी परत. खालच्या एलईडीला पंधरा-वीस मिलिअँपिअर मिळतात. बॉक्सच्या अंगाला चिकटलेल्या एलईडीला तेवढे खूप झाले. वीज वरच, मोबाईलच्या जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवर. आणि पायांचा क्रम! १७३८ मध्ये ग्राउंड, सप्लाय, आउट. दिसायला अगदी तसाच असणाऱ्या ३८२३८ मध्ये आउट, ग्राउंड, सप्लाय. दुकानदार "एकच आहे भिया, घेऊन जा" म्हणून दुसराच हातात ठेवतो, आणि तुम्ही उलटी वीज देऊन डोळा फोडता. पुतण्याने गेल्या दिवाळीत दोन फोडले.

सामान हे झालं. खरी मेहनत तुमच्या भिंतीत काय दडलंय ते शोधण्यात आहे. इंदूरसारख्या शहरांना केबल डिजिटल करायची ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्याआधी बाहेरून एक वायर घरात यायची आणि स्प्लिटर लावून प्रत्येक खोलीत वाटली जायची. तुमच्या बाबांनीही तसंच केलं असणार. तो स्प्लिटर अजून कुठेतरी असेल. त्याच्यावर बारीक अक्षरात ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे चित्राला तो चालतो, पण आपल्या ३८ हजारांच्या गरीब सिग्नलला त्याच्या आतल्या वाटाण्याएवढ्या कड्यावरची तार सरळ जमिनीला नेऊन टेकवते. चित्र दिसतंय पण रिमोट चालत नाही, असं झालं की शंभरात नव्वद वेळा हाच चोर.

आईच्या वेळी मला तो दोन संध्याकाळ सापडला नव्हता. सगळं तपासलं, पुन्हा झाळलं, डोळा बदलला. शेवटी मीटर घेऊन बसलो. वरच्या टोकाला आतली तार आणि जाळी दोन्ही मोकळी ठेवली, कशालाही चिकटलेली नाही, तरी खाली मीटर पीं वाजतोय. म्हणजे मध्ये कुणीतरी दोघांना जोडलंय. जिन्याखालचं लोखंडी कपाट सरकवलं, तर मागे भिंतीवर स्प्लिटर, आणि त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिलेली तारीख. अक्षर माझंच. काढून टाकला, दोन टोकं जॉइंटरने जोडली, आणि वरून आईने पहिल्यांदा स्वतः चॅनेल बदललं. मग तिने घंटा वाजवली, मी पळत वर गेलो, तर म्हणाली, "काही नाही, बदलतंय हे सांगायला."

तेव्हा तुमच्याकडेही आधी मीटर. आणि ती वायर खालच्या मॉड्युलेटरपासून वरच्या टीव्हीपर्यंत एकटी, सलग, कुणालाही न जोडलेली हवी. बाहेरून येणारी केबलवाल्याची वायर बॉक्समध्ये जाते तिथेच संपायला हवी. तिच्याशी आपली डबी चुकूनही जोडू नका. खांबावरच्या अँप्लिफायरला वीज द्यायला त्या लाइनवर व्होल्टेज सोडलेलं असू शकतं.

आणखी एक. काम करताना टीव्ही, बॉक्स, मॉड्युलेटर, तिन्हींचे प्लग बोर्डातून काढा, नुसती बटणं बंद करून भागणार नाही. दोन पिनच्या प्लगवर चालणाऱ्या वस्तूंच्या पत्र्यावर, केबलच्या जाळीवर, थोडी गळकी वीज असते. एका हातात जाळी आणि पाय ओल्या फरशीवर असेल तर मुंग्या येतात. जिवावर बेतत नाही सहसा, पण स्टुलावरून पडायला पुरते.

प्रश्न : आमच्याकडे छत्रीवालं डीटीएच आहे. छतावरून येणारी वायर आधी माझ्या खोलीतून जाते आणि मग हॉलमधल्या बॉक्सला. मग मी मधूनच रिमोटचा सिग्नल त्या वायरीत सोडला तर? वेगळी वायर नाही.
— एक विद्यार्थी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नाही बेटा. त्या वायरीला हात लावायचा नाही.

केबलवाल्या ताईंच्या घरात वायर नुसती चित्र नेते. तुझ्या घरात तीच वायर छत्रीच्या तोंडाशी बसलेल्या एलएनबीला जेवूही घालते. बॉक्स तिच्यावर १३ किंवा १८ व्होल्ट सोडतो. १३ म्हणजे एका दिशेचे सिग्नल दे, १८ म्हणजे दुसऱ्या दिशेचे. बऱ्याच ठिकाणी त्याच्यावर २२ हजार हेलकाव्यांचा एक सूरही असतो, तोही हुकूमच. आता तू त्यात ३८ हजारांची पिपाणी वाजवलीस तर एलएनबीला कोणाचं ऐकावं कळणार नाही, ही एक गोष्ट. आणि तुझ्या ५ व्होल्टच्या डबीवर उलटून १८ व्होल्ट येतील, ही दुसरी. डोळा जाईल, आणि नशीब वाईट असेल तर बॉक्सची सप्लायही.

वेगळी वायर नको असेल तर बिनतारी रिमोट एक्स्टेंडर मिळतो, दोन छोट्या डब्या : एक तुझ्या खोलीत उजेड पकडते, रेडिओने पाठवते, दुसरी हॉलमध्ये पुन्हा उजेड करते. दोन भिंतींपर्यंत ठीक चालतो. जुन्या ग्वाल्हेरच्या दगडी घरांत भिंती दोन-दोन फुटांच्या असतात, तेव्हा दुकानदाराकडून परत घेण्याच्या बोलीवरच आण.

प्रश्न : तुम्ही मागच्या अंकात सांगितल्याप्रमाणे मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरला. चालू-बंदच्या बटणाला ठिपका दिसतो, बाकी कशालाच नाही. तरी टीव्ही व्यवस्थित चालतो. रिमोट बिघडलाय का?
— एक गृहिणी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बिघडला नाही. तुमच्या रिमोटवर माइकचं चित्र असलेलं बटण आहे ना? मग तो ब्लूटूथवर बोलतो, उजेडाची गरज त्याला फक्त झोपलेल्या टीव्हीला उठवण्यापुरती. असा रिमोट वर लिहिलेल्या कुठल्याही युक्तीला बधणार नाही. डोळा लावाल, वायर जोडाल आणि बसाल वाट बघत. म्हणून कुठलाही खर्च करण्याआधी कॅमेरा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

प्रश्न : आमच्या पश्चिमेच्या खोलीत दुपारी चार ते साडेपाच रिमोट चालत नाही. सहा वाजले की चालतो. सेल नवे आहेत. सासूबाई म्हणतात राहुकाळ.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : सासूबाईंना सांगा, राहू नाही, सूर्यच. खिडकीतलं ऊन तिरपं होऊन बॉक्सच्या डोळ्यात जातंय. उन्हात तोच लालपलीकडचा उजेड ढिगाने असतो, त्यापुढे रिमोटची काजव्याएवढी लुकलुक डोळ्याला दिसतच नाही.

हे दुखणं बिनतारी रिमोटच्या जन्मापासूनचं आहे. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने यूजीन पॉली यांचा फ्लॅश-मॅटिक काढला : पिस्तुलासारखी बॅटरी, टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार डोळे, ज्या कोपऱ्यावर झोत मारू ते काम. त्यात ऊन पडलं की टीव्हीचं चॅनेल आपोआपच बदलायला लागायचं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी उजेड सोडला आणि आवाज धरला. बटण दाबलं की ॲल्युमिनियमच्या कांडीवर टोला, माणसाला ऐकू न येणारा. आपण फिरून उजेडावर आलो, पण आता त्याला ३८ हजारांची खूण आहे, म्हणून ऊन पडलं की चॅनेल आपोआप बदलत नाही, टीव्ही नुसता बहिरा होतो.

बॉक्स अर्धा फूट मागे सरकवा, नाहीतर पुठ्ठ्याची छोटी पडवी करून वर चिकटवा. पडद्याचा खर्च त्यानंतर.

प्रश्न : काका, दोन महिन्यांपूर्वी तुम्ही फोनवर सांगितलं तसं आमच्या ह्यांनी वरच्या खोलीत डोळा बसवला, खाली एलईडी बॉक्सवर काळ्या टेपने चिकटवली. वरून एकदम झकास चालतं. पण खाली आम्ही रिमोट दाबला तर बॉक्स ढिम्म. हे म्हणतात, "असंच असतं ते." मला शंका आहे, कारण वर मॅच चालू असते. शिवाय वरून ह्यांनी आवाज वाढवला की खालच्या टीव्हीचाही वाढतो, कुणी खोलीत नसताना.
— एक त्रस्त वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : असंच नसतं ते, वहिनी. टेप बॉक्सच्या अख्ख्या डोळ्यावर बसलीय, म्हणून तो आता फक्त वरच्यांचं ऐकतो. टेप काढा. रिमोटच्या तोंडाला वर्तमानपत्राची बारीक नळी लावून ती बॉक्सच्या पुढच्या पट्टीवरून हळूहळू सरकवत बटण दाबत जा. जिथे बॉक्स ऐकेल तिथे डोळा. एलईडी त्याच्या कडेला, एका बाजूने, तोंड डोळ्याकडे करून चिकटवा आणि समोरची जागा मोकळी सोडा. एलईडीवर काळी स्लीव्ह चढवा, म्हणजे तिचा उजेड बाहेर सांडून खालच्या टीव्हीपर्यंत जाणार नाही. खाली आणि वर एकाच कंपनीचे टीव्ही असले की हा भुताटकीचा आवाज हमखास येतो. आमच्याकडे तर आईने वर टीव्ही बंद केला की खाली माझ्या बातम्या बंद व्हायच्या.

बॉक्स एकच असल्यामुळे वर आणि खाली चॅनेल मात्र एकच दिसणार, त्याला मणी, चोक, कंडेन्सर कशाचाच इलाज नाही. मॅचच्या दिवशी टेप काढताना ह्यांना आधी सांगू नका.